न भिजवलेला वायसर

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. ज्या माणसाला सांगायला हवी होती, त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे ते विचारू नका — मलाही नीट माहीत नाही. आज दुकान बंद आहे, चहा झालेला आहे, आणि तुम्ही समोर बसला आहात, एवढंच.

आधीच एक सांगून टाकतो. मी दुःखी माणूस नाही. या गोष्टीनं माझी झोप उडाली, जेवण गोड लागेना, असलं काही झालं नाही. सौंसरच्या बाजारात संत्र्यावर फवारायचे पंप दुरुस्त करता करता माझं आयुष्य चांगलं गेलं. पोरं मार्गी लागली. रविवारी कन्हान नदीवर गळ टाकून बसायला मिळतं — अजून काय पाहिजे माणसाला? रडक्या चेहऱ्यानं कबुली देणारा कोणी हवा असेल, तर तुम्ही चुकीच्या दुकानात आलात.

गळ टाकायला मला शिकवलं शिवरामकाकांनी. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, विहारामागच्या गल्लीत राहायचे, माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर. अर्ध्या सौंसरला त्यांनी सुई टोचली असेल. ‘शिवरामजीची सुई कळत नाही’, असं बाया एकमेकींना सांगायच्या. रिटायर झाल्यावरही लोक त्यांच्याच दारात यायचे. माझ्या आईला तेव्हा रोज इंजेक्शन लागायचं. काका सकाळी स्टीलच्या डबीत सुई उकळून आणायचे, टोचायचे, चहा प्यायचे आणि चहात साखर कमी पडली म्हणून आईशी भांडून जायचे. आपल्या हाताचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण होता.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, डावा हात तेवढा लुळा राहिला. ‘उजवा शाबूत आहे नं, बस झालं’, असं म्हणून ते पुन्हा सुया टोचायला लागले. आईचा हात धरायला मी बसायचो, बाकी सगळं ते एका हातानं करायचे. पण गळाचं काय? काठी धरायची की रीळ फिरवायचं? एका हातानं दोन्ही कसं जमणार?

त्यांचा जावई मुंबईला गोदीत होता. त्यानं कुठल्याशा परदेशी बोटीवरचं जुनं सामान आणून दिलं — फायबरची काठी, चकचकीत रीळ, आणि काठी खोचून ठेवायची एक लोखंडी नळी. नळी बोटीच्या कडेला पकडीनं आवळायची, काठी तिच्यात उभी करायची, की हात मोकळा. फक्त बसत काहीच नव्हतं. नळी ढिली, काठी बारीक, आणि रिळाचा पाय नळीच्या तोंडावर अडायचा. काका ते सगळं पोत्यात घालून माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, “मधू, संत्र्याचे पंप लय केले. आता हे करून पाह्य.”

ते पंधरा दिवस मला अजून आठवतात. संध्याकाळी काका स्टुलावर बसायचे, मी कानस चालवायचो. रिळाचा पाय बसावा म्हणून नळीच्या तोंडाला खाच पाडली. “अजून थोडं घास बाप्पा, घाई कायची आहे?” असं म्हणत त्यांनी ती खाच चार वेळा घासायला लावली. शेवटी रिळाचा पाय खाचेत असा बसायला लागला की टक्कन आवाज यायचा. तो आवाज ऐकायला काका काठी पुन्हा पुन्हा काढायचे आणि घालायचे. रामाकोन्याला कन्हानवर ओळखीच्या ढीवराचा, म्हणजे कोळ्याचा, डोंगा आम्ही वापरायचो, त्याच्या कडेसाठी पकडीत लाकडाची चिप्पी बसवली. आणि नळी आतून घट्ट व्हावी म्हणून पंपाच्या दट्ट्याचे दोन चामडी वायसर घालायचं ठरवलं. ही युक्ती माझी. मीच माझ्यावर खूश होतो.

आता चामड्याचा वायसर — हे ऐकून घ्या, सगळं यावरच आहे. तो रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि मग बसवायचा. भिजला की फुगतो आणि धरून ठेवतो. कोरडा बसवला तर हाताला घट्ट लागतो खरा, पण एक झटका बसला की सुटतो. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात हे. शंभर शेतकऱ्यांना मी हेच ऐकवलं असेल, वर दोन शिव्याही हासडल्या असतील.

शनिवारी संध्याकाळी वायसर भिजत घालायचे होते. मित्र आले, जामसांवलीला दर्शनाला चल म्हणाले. गेलो. तिथं गप्पा रंगल्या, परत यायला उशीर झाला. वायसर फळीवर तसेच पडलेले. सकाळी रामाकोन्याला जायला छोट्या लाईनची रेल्वेगाडी गाठायची होती. मी त्यांना जरा ग्रीस चोळलं आणि नळीत दाबले. विसरलो होतो का? नाही. बसवताना मला ठाऊक होतं. कोणाला कळणार आहे, असं वाटलं.

रामाकोन्याच्या डोहात पाणी शांत होतं. ऊन कोवळं, काकूंनी दिलेल्या भाकरी अन् ठेचा, काका नव्या नवरदेवाच्या तोऱ्यात. काठीला सुतळी बांधून डोंग्याला अडकवायची त्यांची जुनी सवय होती. त्या दिवशीही त्यांनी सुतळी काढली. मग हातातली सुतळी खिशात घातली.

“तुया हातचं काम आहे,” ते म्हणाले. “सुतळी कायले पाह्यजे?”

मी ‘बांधा’ म्हणू शकलो असतो. एक शब्द. पण मी काय केलं? मी हसलो. बरं वाटलं मला.

तासाभरानं काहीतरी लागलं. काय होतं ते आजही माहीत नाही, पण मोठं होतं. रीळ एकदा करकरलं, काठी पाण्याकडे वाकली आणि नळीतून सरळ निघून गेली. काका तिच्यामागे झुकले, मी त्यांचा सदरा धरला. डोंगा ढकलायच्या बांबूनं तळ चाचपला, पण डोह खोल. काठी गेली, रीळ गेलं.

मी नळीकडे पाहिलं. वरचा वायसर निसटून तोंडाशी तिरपा अडकला होता, कोरडा ठणठणीत. काका अजून पाण्याकडेच पाहत होते. मी अंगठ्यानं तो वायसर आत ढकलला. आणि बोललो —

“काका, तुमच्यानं काठी पुरी दाबली गेली नसन.”

हेच ते. एवढंच वाक्य.

काकांनी पाण्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “उजव्यानं दाबली होती रे.” त्यांनी उजवा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. “म्हणजे हाही गेला,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांनी शेंगदाणे घेतले आणि पुडी माझ्यापुढे केली. “पंधरा दिवस राबला तू,” ते म्हणाले. “माया हातानं सारं पाण्यात गेलं. राग नको धरू.” मी शेंगदाणे खाल्ले.

सोमवारी ते आईला सुई द्यायला आले नाहीत. काकू सांगायला आल्या — ते म्हणून राहिले, हाताचा भरोसा नाही, कोणाची नस दुखावली तर कसं? त्या आठवड्यात त्यांनी सुईची डबी दवाखान्यात देऊन टाकली. दाढी न्हाव्याकडून करून घ्यायला लागले. आई दवाखान्यात जायला लागली आणि तिथली सुई दुखते म्हणून माझ्याकडे कुरकुरायची. मी तिला सायकलवर बसवून नेत होतो, गुणी मुलासारखा.

तुम्हाला वाटेल, काका खचले, झुरले. तसंही नाही. ओट्यावर रेडिओ घेऊन बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करायचे. नळी त्यांनी मला देऊन टाकली. ‘तुयी मेहनत आहे, तूच ठेव’, म्हणाले. मी पांढुर्ण्याहून साधी काठी आणली. रविवारी मासा मिळाला की त्यांना नेऊन द्यायचो आणि ते काट्यासकट चोखून खायचे. डोंग्यावर मात्र पुन्हा आले नाहीत. मी बोलावलं की हात वर करून दाखवायचे आणि हसायचे. मीही हसायचो. दोघंही हसून राहायचो — सहा वर्षं. मग ते गेले.

नळी अजून माझ्याकडे आहे. दर शनिवारी रात्री मी वायसर वाटीत भिजत घालतो, सकाळी बसवतो. काठी एकदाही निसटलेली नाही.

आणि एक राहिलं. त्या दिवशी काका काठी खोचत होते, तेव्हा मी शेजारीच होतो. उजव्या हातानं त्यांनी ती पुरती दाबली होती. रिळाचा पाय खाचेत टक्कन बसला, तो आवाज मी ऐकला होता.