वाढत्या अंगाचे कपडे

मुलांना वाढत्या अंगाचे कपडे शिवणाऱ्या आया सांगली-साताऱ्याकडे घरोघर सापडतील. पण अकरा वर्षांचे कपडे एकाच उन्हाळ्यात शिवून ट्रंकेत भरणारी बाई जगात एकच झाली. ती म्हणजे माधवनगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी. त्यांना प्रत्येक गोष्टीची आधीपासूनच घाई. नऊची एसटी असली की आठला स्टँडवर हजर, आणि दिवाळीचे लाडू दसऱ्यालाच संपलेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा गल्लीतले लोक त्या रोगाचं नाव कुजबुजत घ्यायचे. वहिनी मात्र नळावर मोठ्यानं सांगायच्या, "कॅन्सर झालाय मला. चोरी न्हाई केली!"

डॉक्टरांनी पाच वर्षं तपासणीला यायला सांगितलं होतं. त्यापुढचं वहिनींनी विचारलं नाही. त्या टेप घेऊन आमच्याकडे आल्या. "भावजी, तुमचं गणित चांगलं. सुमी अठराची हुईस्तवर दरसाल किती वाढंल, तेवढं काढून द्या."

सुमी त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा सात वर्षांची. दर दसऱ्याला शिलाई मशीनची पूजा झाली की वहिनी टेपलाही हळदकुंकू लावत आणि मग पोरीला चौकटीशी उभं करून पेन्सिलीची खूण करत. खुणा मोजल्या तर उंची शेहेचाळीस इंच, वाढ वर्षाला दोन. मी वाढ अकरानं गुणून उंचीत मिळवली. पाच फूट आठ इंच आले.

"आवं, पोरगी हाय का इजेचा खांब?" वहिनी म्हणाल्या. "माझ्यावर गेलीया ती. चार फूट अकराच्या वर जायची न्हाई."

मी चार फूट अकरा धरून नवा तक्ता केला. ऑपरेशननं डाव्या हाताला सूज असतानाही उजव्या हातानं चाक फिरवत त्यांनी अकरा कपडे शिवले, आठव्या वर्षाच्या फ्रॉकपासून अठराव्याच्या पंजाबी ड्रेसपर्यंत. प्रत्येकाला वर्षाची चिठ्ठी टाचली, अक्षर माझं. एवढ्या आधी कशाला, असं माझ्या बायकोनं विचारलं तर म्हणाल्या, "कापड महाग व्हाय लागलंय." आम्ही दोघांनी मान डोलावली.

पण सुमी गेली वडिलांवर. अकराची चिठ्ठी नवव्या वर्षी निघाली, चौदाची दहाव्या. बाराव्या वर्षीच्या दसऱ्याला ती अठराचा ड्रेस घालून आमच्या दारात उभी राहिली. सलवार घोट्याच्या वर, बाह्या तटतटलेल्या. मागे वहिनी, कमरेवर हात देऊन. पाचव्या वर्षाची तपासणी त्याच महिन्यात झाली होती, ठीक निघाली होती.

"काय वो भावजी, ह्ये तुमचं गणित? ट्रंक रिकामी झाली की!"

"चुकलं, वहिनी." उंची त्यांनीच ठरवली होती, हे मी काढलं नाही.

"चुकलं म्हनून भागतंय व्हय? आता फुडचं शिवायला मलाच थांबाय पायजे."

एवढं बोलून त्या थबकल्या. पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, मी पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी पुढच्या वर्षाचं कधी शिवलं नाही. आखूड झालं की नवं. मी आयुष्यभर आकडेमोड केली, चूक दिसली की खोडून दुरुस्त केली. तो तक्ता मात्र तसाच ठेवलाय. त्याच्याकडे बघितलं की नंतरचे दसरे आठवतात. चौकटीशी ताठ उभी सुमी, तिच्या डोक्यावर खूण करायला हात पुरेना म्हणून पाटावर चढलेल्या वहिनी, आणि पाट हलू नये म्हणून तो धरून बसलेला मी.