बाबांची छाती नेमकी त्याच दिवशी साफ झाली

बाबा अकोल्याच्या कापडगिरणीत, कापूस पिंजतात त्या खात्यात होते. तिथल्या धुळीनं त्यांना दमा जडला होता आणि तो आता जन्माचा सोबती आहे, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. गिरणी कामगारांना तेव्हा विमा नवीनच लागू झाला होता. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागद दिला तर महिनाभर घरी विश्रांती मिळे; कागदाशिवाय घरी बसलं तर नाव कटे. बाबांना तो महिना हवा होता. रस्त्यानं चालताना ते प्रत्येक खांबापाशी थांबत, आणि कोणी बघतंय असं वाटलं की खांबावरची पाटी वाचल्यासारखं करीत. त्यांना वाचता येत नव्हतं.

मी अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. त्यामुळे सुट्टीत घरी आल्याबरोबर विम्याचं कार्ड आणि नियमांचं पत्रक माझ्या हाती आलं. मी ते तीनदा वाचलं आणि वस्तीत कोणी विचारलं नसतानाही चौघांना समजावून सांगितलं.

मग मला पत्र्याच्या डबीत दवाखान्याच्याच गोळ्या सापडल्या. पाकिटासकट, जशाच्या तशा.

"बाबा, ह्या काहून नाही घेतल्या?"

"ज्या दिवशी लयच दम लागंन, त्या दिवसासाठी ठेवल्या."

औषध नियमितपणे घेण्यावर मी त्यांना भाषण दिलं. पाकिटावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कागदासाठीच्या तपासणीच्या दिवशी सकाळी अगदी लिहिल्याप्रमाणे गोळी दिली. बाबांनी अंघोळ केली, पांढराशुभ्र सदरा घातला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ते मळक्या कपड्यानं कुठल्याच साहेबापुढं जात नसत. दवाखान्यापर्यंत ते एकाही खांबापाशी थांबले नाहीत. मला माझाच अभिमान वाटला.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "कसं वाटतंय?"

"लय बेस वाटून रायलं, साहेब. पोरगं कॉलेजात हाय."

"छाती साफ आहे. उद्यापासून कामावर जा."

मी इंग्रजीत खुलासा करायचं ठरवलं. वाक्य मनात जुळवलं. ते जुळेपर्यंत पुढचा माणूस स्टुलावर बसला होता.

घरी माय कपाळाला हात लावून म्हणाली, "इतक्या दिवसांत कोनाच्यानं झालं नाही, अन् यानं बापाले बरं केलं! तेबी आजच!"

दुसऱ्या दिवशी बाबा डबा घेऊन गिरणीत गेले. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटाच दवाखान्यात गेलो आणि घडलं ते साध्या मराठीत सांगितलं.

"डॉक्टरकी शिकतोस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. तर्कशास्त्र."

ते इतके हसले की कंपाउंडर डोकावून गेला. मग म्हणाले, "उद्या पाळी सुटली की त्यांना गिरणीतून सरळ इकडं आण. घरी नेऊ नकोस."

बाबा ऐकूनच बिथरले. "आंगावर कापूस घेऊन? बिना अंघोळीचा? त्यापरीस काम करत मरतो मी."

तर्कशास्त्रात याला उत्तर नव्हतं. ते मायनं काढलं. धुतलेला सदरा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "तपासलं का मंग घालतीन."

गिरणीच्या दारातून बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस होता. त्या दिवशी ते प्रत्येक खांबापाशी थांबले. मीही थांबलो आणि दोघांनी मिळून पाट्या वाचल्या.

डॉक्टरांनी नळी लावली. काही न विचारता पेन उचललं.

"थांबा, साहेब," बाबा धापा टाकत म्हणाले. माझ्या हातातून सदरा घेऊन त्यांनी तो अंगात घातला. श्वास पुरत नव्हता, तरी गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली. तेवढा वेळ डॉक्टर पेन तसंच धरून बसले. मग सही झाली आणि बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला.

मलाही काहीतरी करावंसं वाटलं. मी फडक्याची घडी केली.