बिडाच्या चाकातलं भोक

औशाच्या स्टँडजवळ आमची रसवंती आहे. ऐन उन्हाळ्यात चरकाचं मोठं दातेरी चाक कडकन तुटलं, तेव्हा ऊस मी घालत होते. झालं, चाक मीच मोडलं! "चार-चार ऊस एकदम कोंबीत होतीस," असं नवऱ्यानं गिऱ्हाइकांसमोर सुनावलं आणि मला मशीनवरून उठवून ग्लास विसळायला बसवलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोनच ऊस होते.

बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ते चाक दिवाळीनंतरच लातूरच्या एका भट्टीतून ओतून आणलेलं. मी जात्याच संशयी, टरबूजसुद्धा वाजवून घेते. नवरा तुकडे पोत्यात भरून निघाला, तेव्हा मीही एसटीत चढले.

भट्टीवाला फारच गोड बोलला. चहा मागवला. "मालक, लोड जास्त झाला असंल. ऱ्हाऊ द्या, मोड इथंच टाका अन् नवं चाक घेऊन जा." जुनी मोड परत द्यायची रीतच आहे, ती वितळवून पुन्हा ओततात. पण पोतं उघडायच्या आधीच त्याचा माणूस ते भट्टीकडे ओढायला लागला. एवढी घाई कशाची? मी सरळ पोत्यावर बसले.

"थांबा. आधी बघू द्या मला."

तुकडे उन्हात मांडले. जिथं ताजं तुटलं होतं तिथं बीड साखरेसारखं खरखरीत, चमकतं. मधे मात्र सुपारीएवढा खळगा, आतून गुळगुळीत. ओतताना हवा कोंडली की असं भोक राहतं. चीर तिथूनच निघाली होती. त्याच्या तोंडावर बाहेरून रंग मारलेला. केसातली पिन काढून मी टोकरलं, तर रंगाखालून लांबी निघाली, गाडीचा पोचा बुजवतात तीच.

"इथं लोखंड कधी नव्हतंच," मी म्हणाले. "जे नव्हतंच ते म्या मोडलं का?"

"पोरांनी बुजवलं असंल, ताई. माझ्या नजरंला न्हाई आलं." भट्टीवाला कपात बघत बोलला. नवं चाक त्यानं मुकाट दिलं. मी आधी त्याचा रंग खरवडायला लावला, हातोडीनं वाजवून घेतलं. मोड मात्र दिली नाही.

चाक बसवल्यावर नवऱ्यानं पहिला ऊस माझ्या हातात दिला, जसं काही झालंच नव्हतं. 'माझं चुकलं' हे काही त्याच्या तोंडून अजून निघालेलं नाही, गिऱ्हाइकांसमोर तर नाहीच. म्हणून तो तुकडा मी गल्ल्याशेजारी ठेवलाय, भोक त्याच्याकडे करून. हे काय आहे असं कुणी विचारलं, तर मी सांगत नाही. "यांना विचारा," म्हणते.