भाजलेली बडीशेप

बडीशेप भाजायला घेतली की संपाच्या दिवसांतली लालबागची आमची खोली आठवते. गिरणी बंद, त्यामुळे हे दिवसभर घरात विड्या ओढत बसायचे. धाकटीला धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी घरातली विडी बंद करायला सांगितली. शेजारचे भाऊजी म्हणाले, "हळूहळू कमी कर रे." हे म्हणाले, "नाय, उद्यापासून एकदमच बंद." आणि स्वतः स्टोव्ह पेटवून तोंडात टाकायला बडीशेप भाजू लागले. मी तवा धरायला गेले, तर हलकेच म्हणाले, "राहू दे. हाताला काम नाय, निदान हे तरी जमू दे." त्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही, पण विडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. आज तीच लेक आपल्या मुलांमागे धावत जिने चढते, तेव्हा वाटतं, हे बघायला ते हवे होते.