अणू फोडणाऱ्या इंदूआक्का

वालावलला राहायला आल्यावर चौथ्याच दिवशी इंदूआक्कांच्या खळ्यात शेजारच्या बाबलने विहिरीचा बिघडलेला पंप आणून ठेवला. आक्का मुंबईच्या अणुप्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आल्या होत्या. अणू फोडणाऱ्या बाईला पंप म्हणजे काय, असं त्याला वाटलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि आमच्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाचं आमंत्रण घेऊन नेमका तेव्हाच पोचलो. आक्का शांतपणे म्हणाल्या, "बाबल, माका फोडूक येता. जोडूचो आसलो तर कुडाळाक ने."

खरं तर देशात अणुविज्ञान रांगत होतं, तेव्हापासून त्या त्यात होत्या. परदेशी उपकरणं मिळत नसत, म्हणून किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं त्यांनी भंगारातले सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी जुळवली होती. हे बाबलला कळता कामा नये, अशी मला ताकीद होती. तरुणपणी घरचे त्यांना ‘कचेरीत टायपिस्ट’ म्हणून सांगत, कारण अणू म्हटलं की स्थळं पळत. टायपिस्ट म्हटल्यावरही पळालीच, असं त्या हसत सांगायच्या.

उद्घाटनाला फीत, कात्री, नारळ सगळं होतं. उपकरणांचं कपाट मात्र कुलूपबंद. तपासणीआधी काही फुटायला नको, असं हेडमास्तरांचं म्हणणं. आक्कांनी कात्री खाली ठेवली आणि किल्ली येईपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

कपाट उघडल्यावर त्यांनी प्रयोगासाठी मला पुढे बोलावलं. आठ वर्षं मी सगळे प्रयोग फळ्यावरच केले होते. चंचुपात्र हातातून निसटलं आणि फरशीवर फुटलं. हेडमास्तरांकडे बघायची मला हिंमत होईना. आक्कांनी दुसरं चंचुपात्र माझ्या हातात दिलं.

"झाला. आता भियासारख्या काय उरूक नाय. करा."

त्यानंतर तीन वर्षं दर गुरुवारी त्या शाळेत येत राहिल्या. पुढे डोळे अधू झाले, तेव्हा दोडामार्गची भाची त्यांना घेऊन गेली. निरोपाला मी एस.टी. स्टँडवर गेलो. आमच्या शाळेतली शैला पदार्थविज्ञान शिकायला मुंबईला निघाल्याचं मी त्यांना सांगितलं आणि तिच्यासाठी दोन उपदेशाचे शब्द मागितले.

आक्कांनी बराच विचार केला. "तिका सांगा, पयला एक स्टूल मिळव. थयली टेबलां बापयमाणसांच्या उंचीची."

गाडी सुटली. एरवी मी विद्यार्थ्यांना चार-चार पानं लिहायचो. शैलाला कार्डावर एवढंच लिहिलं.