बाटलीतला केस

आमच्या यवतमाळच्या लॅबमधल्या टेक्निशियन काकांचा जगात कोणावरच विश्वास नव्हता, आणि स्वतःवर तर मुळीच नाही. कुलूप लावल्यावर ते जिन्यावरून तीनदा परत येत. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले की एक चप्पल एका दाराशी काढत, दुसरी दुसऱ्या दाराशी. जोड नसलेली चप्पल कोण चोरणार? पेशंटने स्वतःचं नाव सांगितलं तरी चष्म्यावरून बघत विचारत, "कशावरून?" मी तिथे रिपोर्ट टाइप करते. इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. म्हणजे काकांच्या मते काहीतरी लपवणारी.

एकदा घाटंजीच्या एका तरुणाच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आला. सीटी स्कॅनच्या कागदावर कॅन्सरची शंका लिहिली होती. त्याचे वडील बाहेर बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. काकांनी बाटली उजेडात धरली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. आत एक केस होता.

"बेटा, तुह्या वेणीचा पडला काय?"

"मी बाटल्यांना हात लावत नाही, काका."

"असं तं सारेच म्हणतात."

त्यांनी माझा एक केस मागून घेतला. माझा जाड, तेलकट, हातभर. बाटलीतला बारीक, भुरका. चिमट्याने ओढला तर निघेना. तो तुकड्याच्या आतूनच आला होता. दुसऱ्या कोणी कचरा समजून फेकला असता. काकांनी तो तसाच आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे नेला. मॅडमनी स्कॅन पुन्हा पाहिला. गाठीत चरबी दिसत होती. म्हणाल्या, ही जन्माआधी वाट चुकलेल्या पेशींची गाठ असावी, छातीत क्वचितच सापडते. तिच्यात केस येतात, कधी दातही. बहुतेकदा साधी असते, काढली की सुटका.

काकांनी बाहेर जाऊन वडिलांना हे समजावलं. वडील टोपी हातात घेऊन उठले.

"कोनाचा केस म्हणून राह्यले तुम्ही?"

"तुमच्या पोराचाच."

"कशावरून?"

काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग हाताला धरून त्यांना आत नेलं आणि मायक्रोस्कोपसमोर स्वतःच्या स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर त्यांनी मॅडमनाही कधी बसू दिलं नव्हतं.

ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासली. कॅन्सर नव्हता. ती ओळ मी टाइप केली, आणि काकांनी माझ्या खांद्यावरून तीनदा वाचली.

आता काका निवृत्त झालेत. त्यांचा खण आवरताना एक पाकीट सापडलं. आत माझा केस, आणि वर त्यांच्या अक्षरात: "टायपिंगवाल्या मुलीचा. बाटलीतला हिचा नाही. तीनदा पाहिलं."

नवा टेक्निशियन माझं सगळं लगेच खरं मानतो. मीच मग जिन्यावरून परत जाते, कुलूप ओढून बघायला.