मल्लप्पाच्या नाकावरचं काजळ

मल्लप्पा सुताराच्या नाकाच्या शेंड्यावर कायम काजळ असायचं. लेकराला दिष्ट लागू नये म्हणून लावत्यात तसलं न्हाय. तेलात कालवल्यालं, चिकट, आन् त्याच्या खाली तपकिरीचा तांबडा वघळ. पयल्यांदा बगितलं तवा मी तोंड फिरवलं. आता मी मेंढरांच्या लेंड्यांत लोळून मोठा झाल्याला माणूस, मला कशाची किळस यावी? पर आली.

मी तवा केम गावाकडच्या एका इनामदारांकडं शिकारीच्या कामाला हुतो. शिकारीच्या म्हंजी, बंदूक त्यांनी मारायची आन् मेल्यालं जनावर मी उचलायचं. न्हाय मेलं तर शिव्या मी खायच्या. त्यांची एक विलायती रायफल हुती. तिचा दस्ता, म्हंजी खांद्याला लावायचं लाकूड, मधीच तडकला. का तडकला? तर बैलगाडीत मी तिच्यावर बसलो म्हणून. इनामदारांना मी सांगितलं, बैलानं पाय दिला. बैल काय बोलतंय व्हय.

नवा दस्ता करणारा सोलापुरात एकच माणूस, शुक्रवार पेठेतला ह्यो मल्लप्पा. मूळचा दुधनीचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायचा. बायको कवाच वारल्याली, घरात एकटाच. रायफल लायसनची, ती एकटी ठिवता येत न्हाय. म्हणून इनामदारांनी मला तिच्यासंगट त्याच्या घरात बसवलं. काम हुस्तवर हलायचं न्हाय म्हणले. मोडली मी, राखायला बी मीच. चोराला खजिन्यावर बसवल्यावानी.

त्या घरात काय वास यायचा, बाबा. एका अंगाला लाकूड चिकटवायचा सरस शिजायचा, कातड्याहाडकांचा. त्याला मेल्याल्या म्हशीचा वास. दुसऱ्या अंगाला मल्लप्पा आमटी शिजवायचा. दोन्ही एकाच शेगडीवर, आन् मला वाटतं ढवळायचं बी एकाच काडीनं. भाकरी थापायचा त्येच काळ्या हातानं. प्रत्येक भाकरीवर त्याच्या पाच बोटांचे ठसे, पोलिसात नोंद करायची असल्यावानी. मी डोळं मिटून गिळायचो. तो म्हणायचा, "खा तम्मा, काजळानं माणूस मरत न्हाय. उलट डोळं निवत्यात." तम्मा म्हंजी कानडीत धाकटा भाऊ. असला भाऊ नको रे देवा, असं मी मनात म्हणायचो आन् अजून एक भाकरी मागायचो.

काम मातुर असं करायचा की बगणारा कटाळून मरावा. शिसवीच्या लाकडात रायफलीच्या नळीचं आन् खटक्याचं लोखंड बसवायचं. म्हंजी असं बसवायचं, की दोन्हीच्या मधी केस बी शिरू नये. त्यासाठी लोखंडाला खालनं काजळ लावायचं, लाकडात दाबायचं, उचलायचं. लाकडावर जितं काळं उठलं तितं उंचवटा. तेवढाच पटाशीनं खरवडायचा. परत काजळ, परत दाब, परत उचल. दिवसातनं शंभर खेपा. आन् दर खेपंला लाकूड नाकाला लावून हुंगायचा. त्यामुळंच नाकाला काळं. मी पेठेत पानाच्या दुकानावर त्याची नक्कल करून दाखवायचो, पायातली चप्पल हुंगून. माणसं लई हसायची. म्हंजी रायफलीजवळनं मी हलत बी हुतो, हे बी आलंच ह्यात.

एक दिवस म्हणलं, अप्पा, लोखंडच जरा घासून टाका की, लवकर बसंल. त्यानं माज्याकडं असं बगितलं, जसं काय मी त्याच्या आईलाच बोललोय. मग म्हणला, "लाकूड ऐकतंय, लोखंड ऐकत न्हाय. जे ऐकतंय त्यालाच सांगावं, तम्मा. निधान." निधान म्हंजी सावकाश. हा शब्द त्याच्या तोंडात तपकिरीपेक्षा जास्त वेळा असायचा.

लोखंडाला खाली एक टाच असती. तिच्यावर त्याचा लई जीव. "गोळी पुढं जाती," म्हणायचा, "आन् लोखंड मागं लाथ मारतंय. ती लाथ ह्या टाचंनं लाकडावर द्यायची. टाच पोकळ बसली की गोळी बहकली." मी जांभया द्यायचो. मिलचा भोंगा झाला की वाटायचं, त्या कामगारांची तरी सुट्टी हुती.

आठव्या दिवशी दुधनीहून सांगावा आला, त्याची थोरली बहीण गेली. टाचंजवळचं तेवढं काम ऱ्हायलं हुतं. जाताना म्हणला, हात लावू नगंस, तिसऱ्याचं उरकून मी येतो. मी व्हय म्हणलं.

मला त्या वासातनं सुटायचं हुतं, बास. दुसरं कायबी कारण न्हाय. वाटलं, आठ दिवस बगितलंय की, त्यात काय हाय? काजळ लावलं, दाबलं, उचललं, पटाशी मारली. एका फटक्यात टाचंमागचा बोटभर ढलपा निघाला. मग त्याच्याच डबीतली लाख वितळवली, खड्ड्यात ओतली, बोट पोळून घेतलं, आन् लाख दिसू नये म्हणून त्याच बोटानं समद्या खोबणीला सारखं काजळ फासलं. इतकं सुरेख काळं मल्लप्पाला बी आठ दिवसांत जमलं नव्हतं.

मल्लप्पा आला तवा इनामदार टांगा घिऊन दारात. आगगाडीची येळ झाल्याली, ते घाई करत्यात. मल्लप्पाचं डोळं रडून सुजल्यालं. त्यानं लोखंड एकदा दाबून उचललं, दस्ता घेतला, उजेडाकडं धरला, नाकाला लावला. मग मला हळूच विचारलं, "समदीकडं आलंय का रे काळं, तम्मा?"

"आलंय की, अप्पा," मी म्हणलं.

त्यानं मान हलवली. इस्क्रू आवळलं, तेलाचा हात फिरवला, रायफल इनामदारांच्या हातात दिली.

गावी येऊन पयला बार बांधावरच्या मडक्यावर टाकला, मडकं फुटलं. मी टाळ्या वाजवल्या. चार दिसांनी ओढ्याच्या बाभळीत रानडुक्कर उठलं. इनामदार बांधावर, मी खाली काडतुसं घिऊन. पयली गोळी डुकराच्या पायाला चाटून गेली, दुसरी कुटं गेली ते देवाला ठावं. डुक्कर आलं ते थेट माज्याकडं. त्याला बरुबर कळलं हुतं कुणाचं काम हाय. मी पळालो, म्हंजी त्याला पाठ दावली, आन् त्यानं माजा डावा कुल्ला उभा फाडला.

पंधरा दिवस पालथा पडून हुतो. बायको हळद भरताना पदरानं नाक धरायची. मी भाकरीवरच्या बोटांना नाक मुरडलं, आन् आता माजीच बायको माज्या वासानं तोंड फिरवती. माश्या मातुर यायच्या, त्यांनी कदी नावं ठिवली न्हाईत.

जरा उभा ऱ्हायलो तसं इनामदारांनी मला संगं घेतलं आन् रायफल मल्लप्पाच्या म्होरं टाकली. मल्लप्पानं इस्क्रू काढलं, लोखंड उचललं. लाखेचा चुरा त्याच्या मांडीवर पडला. त्यानं तो चिमटीत घेतला, नाकाजवळ नेला. मग माज्याकडं बगितलं. मी खाली बगितलं. माजी जीभ टाळ्याला अशी बसली हुती, की मधी केस बी शिरला नसता.

"हे काय?" इनामदारांनी विचारलं.

"लाख," मल्लप्पा म्हणला. "माज्याच घरातली हाय. काम माजं, चूक माजी."

इनामदार लई बोलले. माजा माणूस मेला असता म्हणले, आन् माज्याकडं बोट दावलं. तो माणूस तितंच हुता, एका पायावर जोर दिऊन. बार्शीपसनं अक्कलकोटापतुर सांगतो, ह्या म्हाताऱ्याकडं कुणी बंदूक देऊ नका, असं म्हणले. आन् सांगितलं बी.

दोन म्हयन्यांनी मी एकटाच गेलो. शेगडीपाशी काजळाची वाटी वाळून गेल्याली. मल्लप्पा कुऱ्हाडीला दांडा बसवत हुता. मी दारातच म्हणलं, अप्पा, मी चुकलो, इनामदारांना समदं सांगतो. त्यानं मान वर केली न्हाय.

"तू काय सांगनार?" म्हणला. "दोन वर्सं झाली, मला काळं दिसत न्हाय. नाकाला लावल्याबिगर लाकूड आन् काजळ यगळं कळत न्हाय. बोटानं चाचपून बगतो, त्या दिवशी बोट बी फिरवलं न्हाय. तुला इचारलं. दुसऱ्याच्या डोळ्यानं काम केलं, तितंच मी सुतार ऱ्हायलो न्हाय."

तवा कळलं, तो हुंगत नव्हता. बगत हुता. आन् मी चप्पल हुंगून पेठ हसवली हुती.

जराशानं त्यानं विचारलं, जखम भरली का. म्हणलं, भरली, पर खड्डा ऱ्हायला. "मग काजळ लाव," म्हणला, "कुटं टेकतंय ते कळंल." हसला का ते मला सांगता येत न्हाय, तोंड खालीच हुतं. मग भाकरी वाढली. दांड्याचं काम, काजळ कशाला लागतंय? भाकरी पांढरीफेक हुती, बोटाचा एक ठसा न्हाय. मला ती खाववली न्हाय.

इनामदारांना मी सांगतो म्हणलं ते सांगितलंच न्हाय. आज सांगू, उद्या सांगू करता करता मल्लप्पा गेला, मागनं इनामदार बी गेले.

अजून मी पारावर उजव्या अंगावरच टेकतो. नवी पोरं विचारत्यात, आज्जा, असं कलून का बसतोस? मी सांगतो, डुकरानं मारलं. पोरं म्हणत्यात, लई वाईट जनावर. मी म्हणतो, व्हय बाबा, लई वाईट.